सदस्य क्रमांक त्रेचाळीस

१ ऑक्टोबर २०१८, सोमवार

काल हरलो. एकवीस वर्षं नीरा-भीमा सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि काल पाऊण तासात मला पाडलं. माझ्या बाजूनं तेवीस हात, तिच्या बाजूनं बावन्न. ज्यांच्या छताची गळती मी भर उन्हात गच्चीवर उभं राहून थांबवून घेतली, त्यांचेही हात तिकडेच.

ती म्हणजे अरुणा उजागरे. वय अडतीस, गुडगावच्या कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत. भाषणात म्हणाली, "तक्रार फोनवर, नोटीस फोनवर, मतदानसुद्धा फोनवर. सोसायटीला आता ऑफिस लागणार नाही." यावर टाळ्या पडल्या. दिल्लीच्या या द्वारकेत ही इमारत उभी राहिली तेव्हा इथे नीलगायी चरत होत्या, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नाही.

तरीही आज दहाला खाली गेलो. फाटकाजवळच्या कार्यालयाची किल्ली माझ्याकडे आहे आणि रीतसर चार्ज दिल्याशिवाय ती कुणाला मिळणार नाही. निवृत्त झाल्यापासून तेरा वर्षं मी असाच डबा घेऊन तीन मजले उतरतो. दहा ते साडेपाच. घर वरच असताना डबा कशाला, असं माझा मित्र शांताराम हसून विचारतो. जेवायला वर गेलो तर कार्यालय बंद दिसतं, एवढं त्याला रेल्वेत कुणी शिकवलं नसावं.

कुमुदनं डबा भरून दिला. "आजपण?" एवढंच म्हणाली.

४ ऑक्टोबर, गुरुवार

चार्ज दिला. दोनशे चौदा फायली, अकरा रजिस्टरं, एक शिक्का, एक टेबलावरची घंटा. यादी तीन प्रतींत. अरुणाबाईंनी न वाचता सही केली. मी म्हटलं, वाचा. तर म्हणे, "काका, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार." खुशामत मला लगेच कळते.

सदस्यांचं मूळ रजिस्टर आणि शेअर सर्टिफिकेटं ती स्कॅन करायला घेऊन गेली. किल्ली मात्र घेतली नाही. "राहू दे तुमच्याकडे, घाई नाहीये." यात काहीतरी चाल आहे. छत्तीस वर्षं केंद्र सरकारात काढली आहेत, किल्ली कुणी फुकट सोडत नाही.

९ ऑक्टोबर, मंगळवार

ॲप सुरू झालं. प्रत्येक सदस्याच्या फोनवर निरोप आला म्हणतात. माझ्या फोनवर नंबर घातला तर उत्तर आलं: हा क्रमांक सदस्यसूचीत नाही. पहिल्याच घासाला खडा! ज्यानं सूची केली तोच सूचीत नाही. हे म्हणे आधुनिकीकरण. मी दोन पानी तक्रार हातानं लिहिली आणि बाईंच्या दाराखालून सरकवली.

रविवारी आमची मुलगी वृंदा फरीदाबादहून आली होती, तिनं आईला नवा फोन आणून दिला आणि दुपारभर दोघी सोफ्यावर डोकं लावून बसल्या. आता कुमुद सारखी चष्मा लावून त्यात असते. रेसिपी बघत असेल. आज दोनदा फोन टिणटिणला तर मी विचारलं, काय आहे? म्हणाली, "काही नाही. ती मागची बाल्कनी किती वर्षं पडीक ठेवणार आहात? तुमच्या जुन्या फायलींनी भरलीय." फायली मूल्यवान आहेत, असं मी सांगितलं.

१५ ऑक्टोबर, सोमवार

माझं ॲप अजून चालत नाही. बाईंचा माणूस घरी येऊन बघून जाईल असं उत्तर आलं, मी त्याला येऊ दिलं नाही. शांताराम रोज अकराला कार्यालयात येतो, तो त्याच्या फोनवरून वाचून दाखवतो. ॲपवर कुणाचं नाव दिसत नाही, फक्त सदस्य क्रमांक. म्हणजे तोंडाला फडकं बांधून दगड मारायची सोय. आणि सदस्य क्रमांक कुणाला पाठ असतात? आम्ही आयुष्यभर एकमेकांना फ्लॅट नंबरानं ओळखत आलो. तीनशे चारचा सबनीस म्हटलं की पोस्टमनसुद्धा वर येतो.

आजची तक्रार, क्रमांक त्रेचाळीसची: "कार्यालयातली घंटा दिवसातून वीस वेळा वाजते. वाजवणारा एकच आहे आणि येणारं कुणी नाही."

शांताराम हसला. मला हसू आलं नाही. घंटा मी बीरपाल चौकीदाराला बोलवायला वाजवतो. तो दहा पावलांवर असतो हे खरं, पण हाक मारणं कार्यालयात शोभत नाही.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा त्रेचाळीस. "कार्यालयाच्या खिडकीतून ओरडून बागेत बसलेल्या बायकांना उठवलं जातं. बाग त्यांचीही आहे."

कोण आहे हा हरामखोर? कुमुदला विचारलं, तुझ्या त्या भजनाच्या बायकांपैकी कुणाचा नवरा असेल का. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "नवराच कशाला असायला हवा?" बायका असल्या भानगडीत पडत नाहीत, एवढंही तिला कळत नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार

आज मात्र कळस झाला. पंचवीस नोव्हेंबरच्या सर्वसाधारण सभेसाठी त्रेचाळीस क्रमांकानं ठराव टाकला आहे. शांतारामकडून तीनदा वाचून घेऊन उतरवून घेतला, तो असा:

"फाटकाजवळची कार्यालयाची खोली बंद करून ती दिवसा स्त्री-सदस्यांना बसण्यासाठी द्यावी. ही खोली पडीक आहे. तिथे रोज एक माणूस बसतो, पण खोली पडीकच आहे."

ती खोली गेली तर सकाळी दहाला मी कुठे जायचं? हे मी कुणाला विचारू शकत नाही, म्हणून इथे लिहितो. बागेतल्या त्या निवृत्त टोळक्यात बसून मधुमेहाच्या गोळ्यांची चर्चा करायची? त्यापेक्षा मेलेलं बरं.

पण धागा मिळाला. "पडीक." दिल्लीत वाढलेल्या पोरांना हा शब्द माहीतच नाही, आमची वृंदा 'बेकार पडा है' म्हणते. म्हणजे लिहिणारा जुना, महाराष्ट्रातून आलेला, आणि रोज माझ्याकडे बघणारा. असा माणूस एकच आहे. रोज अकराला येतो, माझा चहा पितो आणि मलाच वाचून दाखवतो.

३ नोव्हेंबर, शनिवार

शांतारामशी संबंध संपले.

तो आला तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि म्हटलं, "या, त्रेचाळीस नंबर." आधी त्याला कळेना. मग म्हणाला, "अरे यार सबनीस, माझा सतरा आहे. हा बघ फोन." मी म्हटलं, फोनात काय वाटेल ते दाखवता येतं. तो म्हणाला, "हेमलता गेल्यापासून मी सकाळी उठतो तो इथे यायला मिळतं म्हणून. मी कशाला ही खोली बंद करीन?" बायकोचं नाव मध्ये आणणं ही त्याची जुनी सवय आहे. मी दार दाखवलं.

जाताना दारातून म्हणाला, "रोज बघणारं माणूस शोधतोयस ना? मग घरापासून मोज." काहीतरी उगाच बोलायचं म्हणून बोलला. कपात चहा तसाच राहिला होता, तो मीच कुंडीत ओतला.

७ नोव्हेंबर, बुधवार

लक्ष्मीपूजन. हवा अशी की समोरचा ब्लॉक दिसत नाही, घसा सोलवटून निघतोय. तरी दहाला खाली गेलो.

कुमुद दारापर्यंत आली. "आज सणाचं तरी वर या जेवायला. पुरण केलंय. गरम वाढते." मी म्हटलं, आजच गेलो तर म्हणतील बघा, खोली रिकामी. तिनं आत जाऊन डबा भरला. एका खणात पुरणपोळी चौकोनी घडी करून कोंबली होती. दीडला उघडली तेव्हा तूप थिजलेलं होतं. दिवसभरात कुणी आलं नाही. शांतारामसुद्धा नाही, अर्थात तो येणारच नव्हता.

१२ नोव्हेंबर, सोमवार

लढायचं तर नियमानं. चार दिवस खपून अकरा कलमांचा अर्ज तयार केला. आधुनिकीकरण हवं ना, मग पुरतं होऊ द्या. सारांश असा: शेअर सर्टिफिकेट ज्याच्या स्वतःच्या नावावर तोच सदस्य. इतरांना मत नाही, पद नाही, ठराव मांडता येणार नाही. घरातली इतर माणसं 'सदस्याचे कुटुंबीय' म्हणून राहतील, तीही सदस्यानं ॲपवर मंजुरी दिली तर. आणि अकरावं कलम: मंजुरी नसलेल्या कुणालाही, मग तो कोणी का असेना, सदस्याच्या परवानगीशिवाय फाटकातून आत सोडू नये.

यात दोन पक्षी आहेत. अरुणाबाईंचा फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर होता, ते वारले. ती सदस्य आहेच कुठे? आणि त्रेचाळीसला आता नाव सांगावं लागेल.

खूश होतो म्हणून कुमुदला पूर्ण अर्ज वाचून दाखवला. एरवी ती माझ्या कागदांकडे ढुंकून बघत नाही. आज गॅस बंद करून, स्टुलावर बसून ऐकलं. म्हणाली, "अकरावं पुन्हा वाचा." वाचलं. "अच्छा. छान झालंय. बिल्कुल बदलू नका."

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, माझ्या मसुद्याला ती पहिल्यांदाच छान म्हणाली. फार बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर, सोमवार

बाई हादरल्या आहेत. काल तीनदा फोन आला, मी घेतला नाही. मग निरोप: "काका, प्लीज सभेच्या आधी एकदा भेटा. तुमचा अर्ज मागे घ्या. मी तुमच्या भल्यासाठी सांगतेय."

भल्यासाठी! धमकी द्यायची ही गुडगावची पद्धत असावी. आज स्वतः कार्यालयात आली. उभ्या उभ्या म्हणाली, "रजिस्टर स्कॅन करताना एक गोष्ट लक्षात आली. सगळ्यांसमोर नको बोलायला." मी म्हटलं, "जे काय ते सभेत, इतिवृत्तात." तिचा चेहरा पडला. जाताना म्हणाली, "काकूंना तरी विचारा."

काकूंना काय विचारायचं? त्यांना यातलं काय कळतं?

२५ नोव्हेंबर, रविवार

जे झालं ते क्रमानं लिहितो.

सभा बागेत, मांडवाखाली. माझा अर्ज पहिला घेतला. अरुणाबाईंनी विचारलं, "काका, नक्की?" मी म्हटलं, शब्दशः. अकराही कलमं एकमतानं मंजूर. मला टाळ्यासुद्धा मिळाल्या. एकवीस वर्षांत मिळाल्या नव्हत्या तेवढ्या.

मग मी उठलो आणि पहिला बाण सोडला, की विद्यमान सेक्रेटरी सदस्य आहेत का. तिनं कागद पुढे केला. शेअर तिच्या नावावर, २०१६ साली हस्तांतर. खाली सही, शिक्का: वि. ग. सबनीस. माझीच सही. मी हजारो कागदांवर सह्या केल्या आहेत, एक लक्षात राहिला नाही, हे मी मान्य केलं.

मग दुसरा. "सदस्य क्रमांक त्रेचाळीसनं उभं राहावं, नाहीतर बाईंनी नाव वाचावं." तिनं रजिस्टर उघडलं आणि वाचेना. "काका, हे आपण नंतर—" मी ओरडलो, "आत्ता! सगळ्यांसमोर!"

मागच्या रांगेतून कुमुद उठली. मला वाटलं, माझा आवाज चढला म्हणून मला आवरायला उठली. मी म्हटलं, "तू बस खाली, तुझं काय मध्येच."

ती म्हणाली, "मीच आहे त्रेचाळीस."

कुणीतरी हसलं, मग कुणीच नाही. घरात मला ऐकवते त्याच आवाजात, फक्त थोडं मोठ्यानं, ती बोलत राहिली. "त्र्याऐंशी साली हे शिलाँगला होते. गोल मार्केटच्या क्वार्टरांत या सोसायटीची नावनोंदणी होती, शेवटचा दिवस. वृंदा कडेवर होती. माझ्या पुढे बेचाळीस जण होते, सगळे पुरुष. मला म्हणाले, साहेबांना पाठवा. मी हलले नाही. म्हणून माझा नंबर त्रेचाळीस आणि म्हणून नाव माझं. हे परत आले ते सहीच करायला लागले. मी काही बोलले नाही, म्हटलं घर तर आपलं आहे." मग माझ्याकडे वळली. "एकवीस वर्षं तुम्ही माझ्या नावावर खुर्ची चालवलीत. बसू का, म्हणून एकदा तरी विचारलंत?"

सर्टिफिकेटवर तिचं नाव होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. विसरलो होतो म्हणणंही खोटं होईल. लक्षात ठेवायची कधी वेळच आली नव्हती.

ठरावावर फोनवरून मतं पडली. बाजूनं एकाहत्तर, विरोधात चार. विरोधातल्या क्रमांकांत सतरा होता. मला मत नव्हतं.

२६ नोव्हेंबर, सोमवार

दहाला सवयीनं चपला घातल्या. दारात डबा नव्हता.

१ डिसेंबर, शनिवार

सोमवारीच किल्ली दिली. अरुणाबाई म्हणाल्या, "काका, फायलींचं काम आहे, घरून कराल?" भीक नको, असं सांगितलं. मग जिना चढताना वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

सोमवारपासून कुमुद खाली जाते. दहाला. सतरंज्या टाकल्यात, पेपर मोठ्यानं वाचतात, कुणीतरी हार्मोनियम आणली आहे. साडेपाचला वर येते. मी काय खाऊ विचारलं तर म्हणाली, "डबा भरून टेबलावर ठेवलाय. तुम्हाला सवय आहे ना." दीडला एकट्यानं उघडला. घर इतकं शांत असतं हे मला माहीत नव्हतं. तेरा वर्षं ती याच शांततेत जेवत होती, हे आज डबा धुताना लक्षात आलं आणि लाज वाटली. लाज वाटली म्हणून राग आला, आणि डब्याचं झाकण आपटलं.

शांतारामच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. घंटी वाजवली नाही.

४ डिसेंबर, मंगळवार

आजपासून अकरावं कलम अमलात. मी ॲपवर 'सदस्याचे कुटुंबीय' म्हणून अर्ज केला आहे. शुक्रवारी केला. समोर लिहून येतं: सदस्याच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत. तिला घरात विचारलं तर म्हणाली, "बघते. घाई काय आहे?"

सकाळी भाजी आणायला गेलो. परत आलो तर बीरपाल फाटकात आडवा. हातात ती नवी पाटी, काचेची. मान खाली घालून म्हणाला, "साहब, अप्रूवल आना है."

"मला ओळखत नाहीस? एकवीस वर्षं—"

"पहचानता हूँ साहब. पर रूल आप ही का है. कोई भी हो, लिखा है." त्यानं आपली प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. मग पाय दुखायला लागले, बसलो.

फाटकापासून दहा पावलांवर माझ्या कार्यालयाची खिडकी. आत कुमुद. तिचा फोन टिणटिणला, तो मला बाहेर ऐकू आला. तिनं पेपर खाली ठेवला, फोन उचलून वाचला, चष्मा काढला आणि खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मांडीवर पिशवी, पिशवीतून मेथी वर आलेली. किती वेळ ते माहीत नाही. इतका वेळ तिनं माझ्याकडे केव्हा पाहिलं होतं, ते मला आठवेना. मी कधी पाहिलं होतं, तेही आठवेना. मग तिनं चष्मा लावला आणि बोट टेकवलं.

बीरपालच्या पाटीवर हिरवी खूण आली. चार प्रकार असतात: पाहुणा, कामगार, डिलिव्हरी, कुटुंबीय. मी वाकून बघितलं. डिलिव्हरी. एका वेळेपुरती.

खिडकीजवळून जाताना तिनं मान न वळवता सांगितलं, "मेथी निवडून ठेवा. काड्या घेऊ नका."

संतापानं कान तापले. वर येऊन पिशवी ओट्यावर आपटली. मग पेपर पसरून बसलो आणि निवडली. पाऊण तास लागला. काड्या राहिल्या असतील थोड्या.

साडेपाचला आली. ताटलीतली मेथी बोटांनी चाळली, फोडणीला टाकली. अर्ज अजून प्रतीक्षेतच आहे, आत्ताच पाहिला.

उद्या सकाळी दुधी आणायला जाणार आहे. घरात एक आहे, तरी जाईन.